शेवटच्या वर्षाची कामं : कोणतं आधी, कोणतं नंतर

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या कार्यालयात मी कारकून आहे. शिकवत नाही. खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो. मे महिन्यात शर्टांवर एकमेकांच्या सह्या घेऊन, गुलाल उधळून गेलेली पोरं ऑगस्टमध्ये याच खिडकीवर घामाघूम होऊन परत येतात. "सर, टीसी आजच पाहिजे, उद्या प्रवेशाची लास्ट डेट हाय." ग्रंथालयाचं पुस्तक रूमवर राहिलेलं, रूम सोडलेली, रूम-पार्टनर पुण्याला गेलेला. मग त्याच्या आईला फोन, त्याच्या घरमालकाला फोन. हुशार पोरंही असतात यात. अभ्यासात त्यांची चूक होत नाही, कामांच्या क्रमात होते.

म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात नुकतं पाऊल टाकलेल्यांसाठी हा आहे. ज्यांचं वर्ष निम्मं उरकलंय त्यांनी तिसऱ्या टप्प्यापासून वाचावं, पण पहिल्या टप्प्यातलं नावांचं काम आज संध्याकाळीच करावं.

टप्पा १ : जून-जुलै. नावं जुळवा, फाइल करा

दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, आधार, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला आणि कॉलेजची मागच्या वर्षाची गुणपत्रिका टेबलावर ओळीनं मांडा. आता सहाही कागदांवर स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव अक्षर-अक्षर वाचा. मराठीतलं वाचा, इंग्रजीतलंही वाचा.

मागे एक मुलगी आली होती. वडिलांचं नाव दहावीच्या सनदेवर ज्ञानोबा, आधारवर ज्ञानेश्वर. घरात, गावात, सातबाऱ्यावर ज्ञानोबाच. आधारवाल्यानं आपल्या मनानं 'शुद्ध' करून टाकलं होतं. तीन वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढच्या प्रवेशाच्या वेळी पडताळणीत ते अडकलं आणि ऐन जुलैत बाप-लेक तालुका ते जिल्हा अशा चकरा मारत बसले.

इथे नियम एकच धरा : दहावीची सनद मूळ, बाकीचे कागद तिच्याप्रमाणे. आधार चुकलं असेल तर आधार दुरुस्त करा. सनदच चुकली असेल तर शाळेतून सुरुवात करावी लागते, कारण जनरल रजिस्टर शाळेकडे असतं. शाळेचा प्रस्ताव विभागीय मंडळाकडे जातो. लातूर, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांचं मंडळ लातूरला, बाकी पाच जिल्ह्यांचं छत्रपती संभाजीनगरला. या कामाला महिने जातात, म्हणून ते जूनमध्येच सुरू करायचं.

फाइल साधी प्लास्टिकची घ्या. मूळ कागद एका कप्प्यात, झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्यात. सगळे कागद स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर विसंबू नका, मोबाइल पाण्याच्या टाकीत पडला की ते गेले. डिजिलॉकर उघडा आणि क्रेडिट बँकेचा (विषयांचे क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) बारा अंकी आयडी आपल्या पीआरएनला, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाला, जोडलेला आहे ना, ते परीक्षा विभागात विचारून घ्या. तो जोडलेला नसेल तर तुमचे क्रेडिट तिथे जमा होत नाहीत, आणि हे बहुतेकांना शेवटच्या सत्रानंतर कळतं.

राहिलेले विषयही आत्ताच मोजा. पहिल्या वर्षाचा एखादा पेपर 'निघंल नंतर' म्हणून सोडलेला असतो. तो कोणत्या सत्राबरोबर देता येतो, त्याचा परीक्षा अर्ज कधी निघतो, हे कागदावर लिहून भिंतीला लावा.

> सावधान : मूळ कागद लॅमिनेट करू नका. शिक्का आणि सही तपासायची वेळ आली की प्लास्टिक आडवं येतं, आणि काढायला गेलं की कागद फाटतो. आमच्याकडे असे तुकडे घेऊन आलेले आहेत.

टप्पा २ : ओळखपत्र चालू आहे तोवर

इथे पोरं सगळ्यात जास्त गमावतात आणि गमावल्याचं त्यांना कळतही नाही.

विद्यार्थी असताना कुठल्याही दारात उभं राहून "मी अमुक कॉलेजचा, मला हे बघायचंय" असं म्हणता येतं. लोक आत घेतात, चहाही देतात. पदवी झाल्यावर त्याच दारात "कशासाठी? कुणी पाठवलं?" असं विचारतात. तेव्हा या वर्षात जमतील तेवढी दारं वाजवून घ्या. न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसून एक दिवसाचं कामकाज पाहा. जिनिंगमध्ये गाठी कशा बांधतात ते पाहा. बी.एस्सी.वाल्यांनी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा एखादा प्रयोगप्लॉट बघून यावा. बी.कॉम.वाल्यांनी जीएसटीच्या रिटर्नच्या दिवसांत एखाद्या सीएच्या कार्यालयात आठवडाभर फुकट बसावं. त्या आठवड्यात जे कळेल ते गाईडात नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग अभ्यासक्रमातच आलं आहे. तिथे काय होतं तेही सांगतो, कारण प्रमाणपत्रं माझ्याच टेबलावर येतात. निम्म्यांवर मामाच्या कृषी सेवा केंद्राचा नाहीतर मित्राच्या झेरॉक्स सेंटरचा शिक्का असतो. तास पूर्ण, काम शून्य. मामाचं दुकान चालेल, पण मग खरोखर तिथे बसा. कोणतं खत कधी उठतं, उधारी कशी लिहितात, कंपनीचा माणूस काय दरानं माल देतो, हे वहीत उतरवा. पुढे मुलाखतीत "तुम्ही काय केलं?" असं विचारल्यावर सांगायला एवढंच असतं.

दुसरं, तुम्हाला नावानं ओळखणारा एक तरी प्राध्यापक हवा. उगाच मागेपुढे करून ओळख होत नाही. एक प्रश्न घेऊन जा, त्यांनी सांगितलेलं वाचा आणि पंधरा दिवसांनी "वाचलं, पण हे समजलं नाही" म्हणून परत जा. असं तीनदा केलंत की ते तुम्हाला विसरत नाहीत. शिफारसपत्र लागतं तेव्हा रोल नंबरवरून कुणाला काही आठवत नाही.

तिसरं ग्रंथालय. स्पर्धा परीक्षेचा कोपरा सगळ्यांना माहीत असतो, एन-लिस्ट कुणाला माहीत नसतं. तुमचं कॉलेज त्याचं सदस्य असेल तर ग्रंथपालांकडे लॉगिन मागा. हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं घरबसल्या उघडतात. कॉलेज सुटलं की लॉगिनही सुटतं.

एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, युवक महोत्सव, 'आविष्कार' संशोधन स्पर्धा यांतलं निदान एक करा. प्रमाणपत्र मिळतं हे खरं. पण मी शिबिराला तीन वेळा पोरांबरोबर गेलो आहे. चाळीस जणांच्या खिचडीला मीठ किती लागतं यावर रात्री अकराला भांडलेली पोरं दहा वर्षांनीही एकमेकांच्या घरच्या लग्नाला येतात.

> तपासा : दिवाळीआधी स्वतःला विचारा. मला नावानं ओळखणारे प्राध्यापक किती? कॉलेजच्या भिंतीबाहेर मी पाहिलेली कामाची जागा कोणती? दोन्हींचं उत्तर 'एकही नाही' असेल तर पुढचा टप्पा अंधारात होणार आहे.

टप्पा ३ : दिवाळी. पुढचा रस्ता कागदावर

हा विषय बहुतेक घरांत निकाल लागल्यावर निघतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण प्रवेशपरीक्षांचे अर्ज हिवाळ्यातच निघायला लागतात. दिवाळी मी मुद्दाम धरली आहे. सोयाबीन निघालेलं असतं, पैसा घरात यायचा असतो आणि तो कुठे जाणार हे अजून ठरलेलं नसतं. तो देणेकऱ्यांत आणि खतावाल्यात वाटला गेल्यावर बापासमोर पुण्याचा खर्च काढला, तर तो तरी काय म्हणणार?

एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा. रस्ता कोणता. मुदत कोणत्या महिन्यापर्यंत. महिन्याला पैसा किती आणि कुठून. आणि तो रस्ता नाही जमला तर दुसरा कोणता, जो याच काळात अर्धा तयार होत राहील.

आता एकेक रस्ता.

*चौथं वर्ष की बाहेर?* नव्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. चार वर्षांवर एम.ए., एम.एस्सी. एका वर्षाचं असतं, तीन वर्षांवर दोन वर्षांचं. म्हणजे एकूण वर्षं सारखीच भरतात. फरक एवढाच की चौथं वर्ष तुमच्या विषयात तुमच्या कॉलेजात आहे का? छोट्या कॉलेजांत ते प्रत्येक विषयाला नसतं. गृहीत धरू नका, कार्यालयात विचारा.

*बी.एड., एलएल.बी., एम.बी.ए., एम.सी.ए.* या सगळ्यांना राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा आहे. पदवीच्या निकालाची वाट न बघता शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज भरता येतो. बी.एड. करणाऱ्यांनी दोन वर्षांच्या पुढचंही पाहून ठेवावं. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल हा त्या रस्त्याचाच भाग आहे.

मुलींसाठी इथे एक गोष्ट वेगळी सांगतो. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. "यंदा बघायचं काय हिचं?" हा प्रश्न दिवाळीपासूनच घरात फिरायला लागतो, हे खिडकीवर बसूनही कळतं. ज्या मुलीच्या हातात सीईटीचं हॉलतिकीट असतं, तिच्या घरी निदान त्या तारखेपर्यंत पाहुणे थांबतात. अर्ज लवकर भरा.

*नोकरी किंवा शिकाऊ उमेदवारी.* ॲप्रेंटिस म्हटलं की पोरांना फक्त आयटीआय आठवतं. केंद्राच्या 'नॅट्स' पोर्टलवर साध्या पदवीधरांनाही नोंदणी करता येते आणि विद्यावेतन मिळतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात कारखान्यांच्या कार्यालयांतही माणसं लागतात. संगणकावर मराठी-इंग्रजी टंकलेखन आणि एक्सेल येत असेल तर रांगेत पुढे सरकता. ते शिकायला हे वर्ष पुरेसं आहे.

*स्पर्धा परीक्षा.* यावर जरा थांबतो, कारण खिडकीवर येणाऱ्या दर तीन पोरांतला एक हेच सांगतो. पुढे काय ते ठरलेलं नसलं की 'एमपीएससी करायलोय' म्हणायची आपल्याकडे रीत आहे.

खरंच करायचं असेल तर आधी हिशेब मांडा. समजा पुण्यात रूम, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला १०,००० धरले. दोन वर्षांचे २,४०,००० झाले, क्लासची फी वेगळी. सोयाबीनला क्विंटलमागे ४,५०० धरले तर हे ५३ क्विंटल होतात. वडिलांशी बोलताना रुपयांत बोलू नका, क्विंटलांत बोला. मग दोघांनाही नीट कळतं की काय मागितलं जातंय.

मुदतीचं असं आहे. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वयापर्यंत बसता येतं. ती आयोगाची मुदत झाली. आपली मुदत आपण ठरवायची असते, आणि बाविसाव्या वर्षी अडतीस फार लांब वाटतं म्हणूनच ती ठरवायची राहून जाते. माझ्या मते पूर्ण वेळ देऊन दोन प्रयत्न, त्यानंतर हातात काहीतरी काम आणि सोबत अभ्यास. यूपीएससीचं गणित वेगळं आहे. तिथे खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षं आणि सहाच प्रयत्न आहेत, आणि पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला बसलात तरी प्रयत्न मोजला जातो. 'बघू तरी कशी असते' म्हणून बसू नका.

आणखी एक. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तीन वर्षं गाईडातली उत्तरं पाठ करून लिहिलेल्या हाताला स्वतःच्या वाक्यात पानभर लिहिता येत नाही. शेवटच्या वर्षाचे कॉलेजचे पेपर हीच त्याची फुकटची तालीम आहे.

> तपासा : कागदावरच्या चार ओळी घरात वाचून दाखवल्या का? "किती दिस लागतील?" या प्रश्नाला महिना आणि साल सांगता आलं का? 'बघू' हे उत्तर धरत नाही.

टप्पा ४ : जानेवारी ते मे. दाखले

दाखल्यांत दोन घोटाळे नेहमी होतात. एक म्हणजे वेळ चुकते, दुसरं म्हणजे चुकीचा दाखला काढला जातो.

वेळेचं आधी. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो. फेब्रुवारीत हौसेनं काढून ठेवला तर जूनच्या प्रवेशाला तो मेलेला असतो. एप्रिल लागला की तलाठ्याकडे (आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी असं लिहिलेलं असतं) जाऊन अहवाल घ्या आणि सेतूत अर्ज टाका. एप्रिलमध्ये सेतूत पाच माणसं असतात, जूनमध्ये रांग रस्त्यावर येते आणि सर्व्हर बसतो. नॉन क्रीमीलेअरवरची 'वैध दिनांक' बोटानं शोधून वाचा. अकरावीच्या वेळी काढलेलं अजून चालतंय या समजुतीत पुष्कळ जण राहतात.

आता चुकीचा दाखला. जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं उपविभागीय अधिकारी देतात, दुसरं जिल्हा जात पडताळणी समिती. अलीकडे कुणबी नोंद सापडून नवीन प्रमाणपत्रं निघालेली घरं आपल्याकडे बरीच आहेत. प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं. वैधतेचा अर्ज ऑनलाइन करून, वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे जोडून तो समितीकडे द्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. शेवटच्या वर्षात असाल तर कॉलेजच्या शिफारशीचं पत्रही घ्यावं लागेल. त्यासाठी मे उजाडू देऊ नका.

तसंच राज्याच्या नमुन्यातलं नॉन क्रीमीलेअर केंद्राच्या भरतीला चालत नाही. यूपीएससी, बँक, रेल्वे, केंद्रीय विद्यापीठ यांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. एसईबीसी प्रवर्ग तर फक्त राज्यापुरता आहे. सेतूत अर्ज टाकताना 'कशासाठी पाहिजे' हे स्पष्ट सांगा.

> सावधान : या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो असं कुणी म्हणालं तर देऊ नका. ते शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं.

महाडीबीटीची शिष्यवृत्तीही याच टप्प्यात बघून घ्या. मागच्या वर्षाचा हप्ता 'पेंडिंग' आहे का? आधार ज्या बँक खात्याला जोडलंय ते खातं चालू आहे का? शेवटचा हप्ता बऱ्याचदा तुम्ही कॉलेज सोडल्यावर येतो. तोवर खातं बंद पडलेलं नाहीतर मोबाइल नंबर बदललेला. तो नंबर निदान वर्षभर रिचार्ज करून जिवंत ठेवा.

टप्पा ५ : शेवटचा पेपर ते गावाची एसटी

यासाठी दोन दिवस राखून ठेवा. शेवटच्या पेपरच्या दिवशी संध्याकाळीच बॅग भरून निघतात, आणि तिथंच फसतं.

१. ग्रंथालयाची पुस्तकं परत करून 'नो ड्यूज'वर सही घ्या. प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह यांच्याही सह्या त्याच दिवशी.

२. अनामत रक्कम असेल तर तिचा अर्ज द्या. पावती हरवली असली तरी विचारा, आमच्या रजिस्टरला नोंद असते.

३. रूमचा डिपॉझिट घेताना घरमालकासमोर लाइटचं मीटर वाचा. मेसच्या मावशींचे पैसे आधी द्या, मग निघा. त्यांनी दुष्काळात पाण्याचे टँकर विकत घेऊन तुमचा वरण-भात शिजवलेला असतो.

४. बोनाफाइड आणि चारित्र्य प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

५. टीसी काढायची घाई करू नका. निकालात विषय राहिला तर? त्याच कॉलेजात चौथं वर्ष किंवा एम.ए. करायचं ठरलं तर? टीसी निकालानंतर, दुसरीकडे प्रवेश ठरल्यावर काढा. ती मूळ प्रत तिथे जमा होते. हातातून देण्याआधी तीन झेरॉक्स काढा. दुसरी प्रत मिळवायला प्रतिज्ञापत्रापासून सगळं करावं लागतं.

फी थकली म्हणून कुणी मूळ गुणपत्रिका किंवा सनद अडवून ठेवत असेल तर ते यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत बसत नाही. भांडू नका. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच मागितली की पुष्कळ कामं आपोआप हलतात. मी आतल्या बाजूचा माणूस आहे, मला माहीत आहे.

टप्पा ६ : निकालाचा आठवडा

ऑनलाइन निकाल दिसला की स्टेटस ठेवायच्या आधी त्याची प्रिंट काढा. नाव, विषय, प्रत्येक सत्राचे क्रेडिट तपासा. पेपर दिलेला असताना गैरहजर दाखवलं असेल तर हॉलतिकीट घेऊन त्याच दिवशी परीक्षा विभागात या. गुण अनपेक्षित कमी असतील तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती विषयाच्या प्राध्यापकांना दाखवा, मग पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. या अर्जाची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती ऑनलाइन निकालापासून धरतात. छापील गुणपत्रिकेची वाट बघणारे इथे बाद होतात.

सीजीपीएचे टक्के करताना ९.५ नं गुणू नका. ती सवय सीबीएसईची आहे. आपल्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेमागे किंवा परिपत्रकात असतं, तेच वापरा. अर्जात टक्के चुकले की पडताळणीत अर्ज उडतो.

त्यानंतर मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलताना लागणारं प्रमाणपत्र. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. अंबाजोगाईचा पोरगा एम.ए.ला लातूरला जातो तेव्हा त्याला वाटतं आपण शेजारीच चाललोय. कागदावर त्यानं विद्यापीठ बदललेलं असतं. त्याला मायग्रेशन लागतं, आणि ते विद्यापीठ देतं, कॉलेज नाही.

पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर येतं. तोवर प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या प्रमाणपत्रावर काम चालतं. दीक्षान्तचा अर्ज वेगळा भरायचा आहे की परीक्षेच्या अर्जातच धरलाय, हे खिडकीवर विचारून घ्या. न विचारता 'येईल घरी' म्हणणाऱ्यांची प्रमाणपत्रं आमच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून आहेत.

टप्पा ७ : घरी आल्यावरचे पहिले शंभर दिवस

हा टप्पा कागदांचा नाही. पण पोरं कोलमडतात ती इथेच, म्हणून लिहितो.

तीन वर्षं घंटा, तास, मेस, कट्टा यांनी दिवस बांधलेला होता. तो एकदम सुटतो. गावात पेरणीची गडबड असते, तुम्ही ओसरीवर मोबाइल घेऊन. येणारा-जाणारा विचारतो, "काय करायलास सध्या?" पहिल्या आठवड्यात हसून उत्तर देता, महिन्यानंतर लग्नांना जायचं टाळता, दोन महिन्यांनी पारावरूनही वळसा घालता.

यावर उपाय म्हणजे एका वाक्याचं, तारीख असलेलं उत्तर. "बी.एड.ची कॅप फेरी चालू हाय, ऑगस्टात कळंल." "मार्चपर्यंत अभ्यास करायलोय, मग वाळूजला बघणार." दिवाळीतला तो चार ओळींचा कागद इथे कामाला येतो. विचारणाऱ्याला फार खोलात जायचं नसतं. तारीख ऐकली की तो पुढे पावसाचं विचारतो.

दिवसाची बांधणी स्वतः करा. शेताला वेळ द्या, पण ठरवून. सकाळी नऊपर्यंत शेत आणि दहा ते दोन आपलं काम, असं घरात सांगून टाका. अर्धा दिवस इमानदारीनं राबणाऱ्याला उरलेल्या अर्ध्या दिवसाचा हिशेब सहसा कुणी मागत नाही. दिवसभर खोलीत बसणाऱ्याला मात्र आईसुद्धा विचारते. झोपेची वेळ हलू देऊ नका. रात्री दोनपर्यंत रील आणि सकाळी दहाला उठणं सुरू झालं की बाकीचं सगळं त्यामागे घसरतं.

कॉलेजच्या ग्रुपवर दोनशे जण असतात, ते पंधरवड्यात गप्प होतात. दोन-तीन जण निवडा आणि रविवारी रात्रीचा फोन ठरवून घ्या. कुणाला नोकरी लागली की बाकीच्यांचा फोन येणं थांबतं, लाजेनं. तेव्हा आपण लावा.

मन फारच बसलं, झोप उडाली, जगणं नको वाटायला लागलं, तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. वडिलांना सांगता येत नाही ते तिथे सांगता येतं. आपल्या भागात ज्या घरांनी माणूस गमावलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

> सावधान : याच शंभर दिवसांत कुणीतरी भेटतो. "संस्थेत चिकटवतो, आधी एवढे द्या." जमीन गहाण ठेवून दिलेला पैसा परत येत नाही, आणि पावतीही नसते. मी संस्थेतच काम करतो म्हणून सांगतो. मूळ सनद कुठल्याही अकादमीत, कंपनीत, एजंटाकडे ठेवायची नाही. दाखवायची आणि परत फाइलमध्ये घालायची.

दीक्षान्तनंतर पदवी प्रमाणपत्र न्यायला याल तेव्हा ओळखपत्र आणि शेवटच्या सत्राची गुणपत्रिका आणा. स्वतः या. भावाला पाठवायचं असेल तर सहीचं पत्र द्या. कपाटाजवळ उभं राहूनच नाव, आईचं नाव, विषय आणि साल वाचा. चूक निघाली तर तिथेच सांगा, रजिस्टरवर सही करण्याआधी. आणि जेवणाच्या सुट्टीत येऊ नका, तेव्हा खिडकी बंद असते.